शंका आणि खुलासे : एसएमएसची ७० अक्षरं, महेश्वरचा माग आणि १ जुलै १८५७चा वार

इंदूर आणि आसपासच्या वाचकांच्या संगणक, फोन, छपाई यांविषयीच्या शंका या सदरात घेतो. या खेपेच्या बहुतेक पत्रांचा सूर ‘बिघडलं कसं’ यापेक्षा ‘हे असं का’ असा आहे. म्हणून इलाजाबरोबर त्यामागचा इतिहासही दिला आहे. पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळात बरेच ज्येष्ठ सभासद साधा फोन वापरतात, म्हणून आरतीच्या वेळा एसएमएसने कळवतो. आजवर मराठी मजकूर इंग्रजी लिपीत पाठवायचो. या वर्षी तोच मजकूर देवनागरीत पाठवला तर बिल तिप्पट! मेसेज पाठवणारे म्हणतात, ‘तुमचा एक मेसेज तीन धरला.’ ही लूट नाही का? – चिटणीस, रामबाग

उत्तर : लूट नाही, भागाकार आहे. एका एसएमएसला १४० बाइट म्हणजे ११२० बिट जागा मिळते. फोन आणि टॉवर यांच्यात कॉल जुळवण्यासाठी जी सांकेतिक वाहिनी असते, तिच्यातल्या मोकळ्या जागेतून हा मजकूर जातो, म्हणून जागा इतकी मोजकी. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात : ११२० भागिले ७, म्हणजे १६०. देवनागरी त्या सात बिटांच्या तक्त्यात नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात : ११२० भागिले १६, म्हणजे ७०. ही मर्यादा १९८०च्या दशकात जीएसएम या मोबाइल यंत्रणेचे नियम ठरताना आली. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ला, ब्रिटनमध्ये, आणि त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. तेव्हाचं माप आजही तसंच आहे.

आता तीनचा हिशोब. मजकूर एका मेसेजात मावला नाही की त्याचे तुकडे होतात, आणि ‘मी दुसरा तुकडा, एकूण तीन’ हे सांगायला प्रत्येक तुकड्यातले ६ बाइट खर्ची पडतात. उरतात १३४. म्हणजे लांब मेसेजात इंग्रजीची १५३ अक्षरं, मराठीची फक्त ६७. मराठी मजकूर १३४ चिन्हांचा असेल तर दोन मेसेज आणि १३५चा झाला की तीन. एका मात्रेने पैसे वाढतात ते असे.

शिवाय आपण मोजतो तशी अक्षरं यंत्र मोजत नाही. ‘श्री गणेशोत्सव’ यात डोळ्यांना सहा अक्षरं दिसतात. यंत्राला मात्र श, पाय मोडण्याचं चिन्ह, र, दीर्घ वेलांटी, मोकळी जागा, ग, ण, मात्रा, श, काना-मात्रा, त, पुन्हा पाय मोडण्याचं चिन्ह, स, व अशी १४ चिन्हं दिसतात. बोटांवर मोजू नका. मजकूर एक्सेलच्या एका घरात टाका आणि शेजारच्या घरात लेन हे फंक्शन लावा, आकडा बरोबर मिळेल. तो ७०च्या आत आला तर उत्तम, नाहीतर १३४च्या आत बसवा. जोडाक्षरं कमी असलेले शब्द निवडले, ‘सर्व सन्माननीय सभासदांना नम्र विनंती’सारखी सुरुवात गाळली की बहुतेक मजकूर दोनांत बसतो. मात्र तुमच्या मेसेजचा साचा डीएलटीवर, म्हणजे घाऊक एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत, नोंदवलेला असेल तर आधी तिथे बदला. नोंदवलेल्या साच्याशी न जुळणारा मेसेज वाटेतच अडवला जातो.

पुन्हा इंग्रजी लिपीकडे जायचं असेल तर एक खाचखळगा सांगून ठेवतो. अख्ख्या मजकुरात सात बिटांच्या तक्त्याबाहेरचं एकच चिन्ह आलं तरी सगळा मेसेज १६ बिटांचा होतो आणि मर्यादा १६०वरून ७०वर येते. सर्वांत जास्त वेळा हे घडतं ते रुपयाच्या ₹ चिन्हामुळे. त्या तक्त्यात पौंड आहे, येन आहे, ग्रीक मोठी अक्षरंसुद्धा आहेत. पण आपलं चिन्ह ठरलं २०१०मध्ये, तोवर तक्ता कधीच पक्का झाला होता. वर्गणीचे आकडे ‘आरएस’ ही दोन इंग्रजी अक्षरं टाकून लिहा. दुसरं कारण वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं. ती सरळ करून घ्या. चौकटी कंस तक्त्यात चालतात, पण प्रत्येकी दोन अक्षरांची जागा खातात.

प्रश्न : संगणकातल्या चुकीला ‘बग’ म्हणतात ते १९४५ साली यंत्रात पतंग सापडला म्हणून, असं वर्गात सांगितलं. खरं का? – नववीतील विद्यार्थिनी, सुदामानगर

उत्तर : पतंग खरा, साल चूक आणि ‘म्हणून’ही चूक. हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्राच्या रिलेमध्ये तो सापडला ९ सप्टेंबर १९४७ला. तिथल्या लोकांनी नोंदवहीत तो चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली लिहिलं की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. यातच उत्तर आहे : शब्द आधीपासून रूढ होता म्हणून तर विनोद झाला. एडिसनने १८७८च्या एका पत्रात यंत्रातल्या दोषांना हाच शब्द वापरला आहे.

प्रश्न : पाहुण्यांना घेऊन महेश्वरला गेलो होतो. तिथल्या एका हातमागावर वरच्या बाजूला लाकडी पट्ट्यांची माळ फिरत होती आणि पट्ट्यांत छोट्या खुंट्या ठोकल्या होत्या. आमच्यातले एक काका म्हणाले, ‘हा कॉम्प्युटरचा पणजोबा.’ कितपत खरं? – गृहिणी, नारायण बाग

उत्तर : काकांनी नातं बरोबर ओळखलं, फक्त शाखा चुकली. पणजोबा नव्हे, चुलत पणजोबा म्हणा.

तुम्ही पाहिलात तो डॉबी. ताण्याचे धागे उचलणाऱ्या काही चौकटी असतात. प्रत्येक लाकडी पट्टी म्हणजे धोट्याची एक फेरी, आणि पट्टीवर ज्या जागी खुंटी असेल ती चौकट त्या फेरीला वर जाते. खुंटी आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींवर नक्षी लिहिलेली असते. माळ पूर्ण फिरली की नक्षी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एखादी खुंटी गळली तर चूक एकदाच दिसत नाही, काठावर ठरावीक अंतराने तीच चूक उमटत राहते. किती फेऱ्यांनी ती परत येते ते मोजलं की दोष माळेत आहे की धाग्यात हे कळतं : माळेच्या पट्ट्यांइतक्याच फेऱ्यांनी येत असेल तर खुंटी बघायची, एकदाच आली असेल तर धागा. डॉबीतून एकेक चौकट, म्हणजे धाग्यांचा गटच उचलला जातो. म्हणून महेश्वरी काठावरची लहर, चटई, वीट अशी भूमितीची नक्षी त्याला छान जमते, पण अंगभर वेलबुट्टी नाही.

वेलबुट्टीसाठी लागतो जॅकार्ड, आणि संगणकाची थेट वंशावळ तिथून निघते. फ्रान्समध्ये ल्यों शहरात रेशमाच्या मागांवर १७२५मध्ये बूशोंने भोकं पाडलेला कागद वापरून पाहिला, फाल्कोंने त्याची पुठ्ठ्याची कार्डं केली आणि १८०४मध्ये जॅकार्डने ते सगळं चालतं केलं. कार्डासमोर सुया असतात आणि प्रत्येक सुईला एक उभा आकडा. भोक असेल तिथे सुई आत जाते, आकडा सरळ राहतो आणि वर उचलणाऱ्या पात्यात अडकून आपला धागा उचलतो. भोक नसेल तिथे कार्ड सुईला मागे ढकलतं, आकडा पात्यावरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. या पद्धतीने जॅकार्डचं स्वतःचं चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्या चित्राची एक प्रत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजकडे होती. त्याने आपल्या ॲनॅलिटिकल इंजिन या गणनयंत्रासाठी हीच कार्डं घेतली : काही कार्डं कोणती क्रिया करायची ते सांगणारी, काही कोणत्या आकड्यावर करायची ते सांगणारी. ते यंत्र पूर्ण झालंच नाही. मात्र माग जे करत नाही ते त्याच्या आराखड्यात होतं : आलेल्या उत्तरावरून पुढची वाट बदलणं. माग कितीही सुंदर विणो, निम्म्यात थांबून ‘आता हे करू की ते’ असं ठरवत नाही. म्हणून चुलत.

भोकांची कार्डं पुढे शंभर वर्षं टिकली. हॉलेरिथ या अमेरिकी संशोधकाने १८९०ची अमेरिकेची जनगणना त्यांवर मोजली. आयबीएमने १९२८मध्ये आयताकृती भोकांचं, ८० स्तंभ आणि १२ ओळींचं कार्ड काढलं : आकड्याला एक भोक, अक्षराला साधारण दोन. पुढे कार्डाची जागा पडद्याने घेतली तरी एका ओळीत ८० अक्षरं हे माप तसंच राहिलं आणि डॉसच्या काळ्या पडद्यापर्यंत पोचलं. कार्डांच्या जमान्यातली खरी धास्ती म्हणजे गठ्ठा हातातून सुटणं. म्हणून फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत ७३ ते ८० हे स्तंभ प्रोग्राम वाचतच नसे, तिथे क्रमांक टाकून ठेवायचा. गठ्ठा विस्कटला की सॉर्टरमध्ये घालायचा. आयबीएमचा ०८२ सॉर्टर मिनिटाला ६५० कार्डं एका स्तंभाप्रमाणे वेगळी करी. युक्ती अशी की सुरुवात एककाच्या स्तंभापासून करायची, मग दशक, मग शतक. डावीकडून सुरू केलं तर पुढच्या फेरीत आधीचा क्रम मोडतो. आणि सॉर्टर नसेल तर? गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनाने एक तिरकी रेघ मारून ठेवत. पुन्हा लावताना रेघ जुळली की गठ्ठा जुळला. आमच्या मते त्या काळातली सर्वांत हुशार आणि सर्वांत स्वस्त युक्ती हीच.

विणकाम तरी कुठे संपलं होतं! चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकात कायमचा प्रोग्राम अक्षरशः विणलेला होता. अमेरिकेत वॉल्थमच्या रेथियॉन कारखान्यात स्त्रिया चुंबकीय कड्यांमधून हाताने तार ओवत. तार कड्यातून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. कोणत्या कड्यापाशी सुई न्यायची ते यंत्र भोकांच्या पट्टीवरून दाखवी, ओवायचं हातानेच. एका खोक्यात ५१२ कडी, प्रत्येक कड्यावर १६ बिटांचे १२ शब्द, आणि अशी सहा खोकी : एकूण ३६,८६४ शब्द. विणून झाल्यावर चूक सापडली तर खोकं पुन्हा करायला कित्येक आठवडे, म्हणून प्रोग्राम उड्डाणाच्या फार आधी गोठवावा लागे. काकांना हे जरूर सांगा.

प्रश्न : सियागंजात आमचं किराण्याचं होलसेल दुकान आहे. बिलं डॉट मॅट्रिक्सवर निघतात. संगणक बदलून लिनक्सचा घेतला, तेव्हापासून ओळी पायऱ्या उतरल्यासारख्या छापल्या जातात. पहिली ओळ संपते तिथूनच दुसरी खाली सुरू होते. प्रिंटर दाखवला, ठीक आहे म्हणतात. – व्यापारी, सियागंज

उत्तर : प्रिंटर ठीकच आहे, त्याला अर्धाच निरोप मिळतो आहे. नवी ओळ म्हणजे मुळात दोन हालचाली : छापणारं डोकं डाव्या टोकाला परत नेणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. टेलिटाइपच्या, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्रांत यांची दोन वेगळी चिन्हं होती, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. १९६३चं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापी, म्हणजे एका अक्षराला दशांश सेकंद. उजव्या टोकावरून परत यायला डोक्याला त्याहून जास्त वेळ लागे. म्हणून आधी रिटर्न पाठवायचा आणि लगेच फीड : कागद सरकेपर्यंत डोकं जागेवर येई. उलट क्रमाने पाठवलं तर पुढचं अक्षर वाटेतच कुठेतरी उमटे.

डॉस आणि विंडोजने ही दोन्ही चिन्हं ठेवली. युनिक्स आणि तिच्या वळणावरच्या लिनक्सने फाइलीत फक्त फीड ठेवलं. तुमचा प्रोग्राम मजकूर ड्रायव्हरला वगळून थेट प्रिंटरकडे पाठवत असणार, त्यामुळे कागद सरकतो पण डोकं परत येत नाही. इलाज दोन. बिल फाइलीत उतरत असेल तर छापण्याआधी ती युनिक्स टू डॉस या आज्ञेतून काढा, किंवा बिलाच्या प्रोग्रामात ओळीच्या शेवटी दोन्ही चिन्हं टाकून घ्या.

प्रिंटरच्या मेन्यूत किंवा मागच्या बारीक स्विचांत ‘ऑटो एलएफ’ असतं. तुमच्या दुखण्यावर ते औषध नाही, कारण ते रिटर्नला फीड जोडतं, फीडला रिटर्न नाही. सगळ्या ओळी एकावर एक छापल्या जात असतील तर ते चालू करा. प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी सुटत असेल तर ते चालू राहिलं आहे, बंद करा. पायऱ्या दिसत असतील तर त्याला हात लावू नका.

त्याच टेलिटाइपची आणखी एक आठवण तुमच्या कीबोर्डावर आहे. डिलीटचा क्रमांक आस्कीच्या, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात अगदी शेवटी, १२७वर का? कागदी पट्टीवर पाडलेलं भोक बुजवता येत नाही. म्हणून चुकलेल्या अक्षरावर मागे जाऊन सातही भोकं पाडत, आणि सात भोकांचा आकडा होतो १२७. वाचणारं यंत्र ते सोडून पुढे जाई.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्या गेल्या म्हणायच्या का? आणि दुसरं, फोनवर ‘दऱ्या’ लिहायला गेलो की ‘दर्या’ येतं, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात! – निवृत्त शिक्षक, लोकमान्यनगर

उत्तर : फाइली सुखरूप आहेत, फक्त त्या तशाच जतन करू नका, आधी प्रत काढा. कृतिदेवसारख्या फॉन्टांच्या काळात संगणकाला देवनागरी ठाऊकच नव्हती. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवून काम भागवलं जाई. कृतिदेवमध्ये ‘किती’ म्हणजे फाइलीत एफ, डी, आर, एच ही चार अक्षरं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच उघडी पडतात. तो फॉन्ट बसवला की मजकूर दिसू लागेल, पण त्यात शोध घेता येणार नाही. म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक तक्त्यात, बदलून घ्या. बदलल्यावर दोन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा : ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही बरोबर उलट. रूपांतर करणारे प्रोग्राम जोडाक्षराशी इथेच अडखळतात. आधी कोणता फॉन्ट होता हेही नक्की करा, कारण शिवाजी फॉन्टची फाइल कृतिदेव समजून बदलली तर खरा कचरा तेव्हा होईल.

आता दऱ्या. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८च्या भारतीय इस्की प्रमाणावरून घेतली. तिच्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आहे, तो मुळात दक्षिणी भाषांचा वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र याच टिंबवाल्या ऱचं अर्धं रूप म्हणून ठेवला आहे. तेव्हा साधा र न घेता टिंबाचा ऱ घ्या, मग पाय मोडा, मग य. संगणकावर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड असेल तर द-साठी ओ, मग शिफ्ट धरून जे, मग शिफ्टशिवाय डी, मग य-साठी तिरकी रेघ आणि काना-साठी ई. कऱ्हाडही तसंच : के, शिफ्ट जे, डी, यू, ई आणि डावा चौकटी कंस. फोनवर मराठीचा कीबोर्ड बसवा, आपल्याकडे फोनात बहुधा हिंदीचाच असतो.

काही जण साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून हाच आकार काढतात. दिसायला फरक नाही, पण आत चिन्हं वेगळी, म्हणून शोधात एक लिहून दुसरं सापडत नाही. स्मरणिकांसाठी एकच पद्धत ठरवा, आमचं मत टिंबाच्या ऱला.

प्रश्न : संगणकात ए आणि बी ड्राइव्ह कुठे गेले? सीपासूनच सुरुवात का? – विद्यार्थी, भंवरकुआं

उत्तर : ए आणि बी फ्लॉपीसाठी होते. १९८१च्या आयबीएम पीसीत एक किंवा दोन फ्लॉपी असत. १९८३च्या एक्सटी या पुढच्या मॉडेलात १० एमबीची हार्ड डिस्क आली ती सीवर. एकच फ्लॉपी असली तरी डॉस बी सोडत नसे : तोच ड्राइव्ह बी समजून ‘आता दुसरी फ्लॉपी घाला’ म्हणे, म्हणजे एका ड्राइव्हवर नक्कल करता येई.

प्रश्न : घराण्याची वंशावळ एक्सेलमध्ये भरतो आहे. १९००च्या आधीच्या तारखा ते मानतच नाही, आणि क्रम लावला की पणतू वर, खापरपणजोबा खाली! जुन्या तारखांचे वारही काढायचे आहेत. – ज्येष्ठ वाचक, राजवाडा परिसर

उत्तर : एक्सेलची दुनिया १ जानेवारी १९००ला सुरू होते. तारीख म्हणजे त्याच्या लेखी त्या दिवसापासूनचा क्रमांक. त्याआधीची तारीख ते नुसता मजकूर समजतं, म्हणून ती घरात डावीकडे चिकटते. आणि क्रम लावताना एक्सेल आकडे आधी, मजकूर नंतर घेतं. तुमचे खापरपणजोबा मजकूर झाले म्हणून खाली गेले.

उपाय : रकान्याचं स्वरूप आधीच टेक्स्ट करा आणि सगळ्या तारखा, विसाव्या शतकातल्यासुद्धा, वर्ष-महिना-दिवस अशा लिहा, १८५७-०७-०१ याप्रमाणे. शून्य गाळू नका. मग क्रम आपोआप बरोबर लागतो. किंवा वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने करा. अर्धवट माहिती असलेल्या पूर्वजांसाठी हे जास्त सोयीचं. लिब्रेऑफिस कॅल्क जुन्या तारखा नीट घेतं, तेही वापरून पाहा.

वारासाठी ४०० वर्षांची युक्ती. ग्रेगरियन दिनदर्शिका ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस घेते आणि त्या संख्येला ७ने निःशेष भाग जातो. म्हणून वर्षात ४०० मिळवले तरी वार तोच. इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला ती तारीख, १ जुलै १८५७, घ्या. डेट फंक्शनमध्ये २२५७, ७, १ घाला आणि टेक्स्ट फंक्शनने वार काढा : बुधवार. अहिल्याबाईंच्या निधनाचा दिवस, १३ ऑगस्ट १७९५, २१९५ घालून गुरुवार येतो. वय काढायलाही दोन्ही तारखांत ४०० मिळवून वजाबाकी करा, दिवस अचूक मिळतात. मात्र डेटमध्ये थेट १८५७ घालू नका. १९००हून लहान वर्षात एक्सेल गुपचूप १९०० मिळवतं, तुमची तारीख ३७५७ची होते आणि वार शुक्रवार दिसतो. चूक दाखवणारा संदेश येत नाही, म्हणूनच हे धोक्याचं.

याच कामात आणखी एक गंमत भेटेल. घरात ६० लिहून त्याला तारखेचं स्वरूप द्या : २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. असा दिवस झालाच नाही, १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या १९८३च्या प्रोग्रामात ही चूक होती. लोटसच्या फाइली जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती मुद्दाम ठेवली, आणि आता ती काढली तर जगातल्या सगळ्या जुन्या फाइलींच्या तारखा एका दिवसाने सरकतील. त्यामुळे १ मार्च १९००च्या आधीचे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी १९००चे वार एक्सेल चुकीचे सांगतं. त्या दोन महिन्यांत कोणी जन्मलं असेल तर तिथेही ४०० मिळवूनच वार काढा.

जुन्या मॅकवर केलेली फाइल कोणी दिली तर तीत मोजणी १९०४पासून असू शकते. तिच्यातल्या तारखा तुमच्या फाइलीत चिकटवल्या की १,४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाचा फरक पडतो. आणि कागदांवर शके आणि तिथी असेल तर ती आधी जंत्रीवरून इंग्रजी तारखेत आणा. एक्सेलला तिथी कळत नाही, आणि अधिक महिना तर नाहीच नाही.